दोघांत एक पासवर्ड

कुरुळी,
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

प्रिय जहीर,

तुला नमस्कार, सलिमावहिनींना सलाम. जास्मिनचा खोकला थांबला असेल. आम्ही इकडे ठीक आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

आज कंपनीला सुट्टी. असाच एक गुरुवार सकाळपासून डोळ्यांपुढे येतोय, १७ जुलैचा. त्या दिवशी सकाळी मी आंघोळ उरकून, हळदीकुंकवाची पुडी आणि एक नारळ पिशवीत घालून सुट्टी असूनही कंपनीत आलो होतो. तू पेन ड्राइव्ह घेऊन आधीच येऊन बसला होतास. मी कॉम्प्युटरला कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि अक्षता हातात घेतल्या, तेव्हा तू माझा हात धरलास. म्हणालास, "सोपानभाऊ, तांदूळ की-बोर्डात गेला तर काढायला तुमचा देव येणार नाही. मलाच बोलावाल." मी अक्षता टेबलाच्या कडेला वाहिल्या. नवीन मशीनची पूजा झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही, ही आपल्या शॉपची रीत, आणि नारळ फोडायचा मान तू दर वेळी मला देतोस. त्या दिवशीही दिलास.

आपला माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचं पत्र आलं होतं तेव्हा. चोरीचं सॉफ्टवेअर चालणार नाही, आणि मालाच्या तपासणीची नोंद अशी ठेवा की एकदा लिहिली की कुणाला बदलता येऊ नये. श्यामशेठ कपाळाला हात लावून बसले होते. तूच म्हणालास की लिनक्स नावाची सिस्टीम टाकू. मी विचारलं, ही तरी कुणाची चोरून आणायची? तू म्हणालास, "चोरायची गरजच नाही भाऊ. जगातल्या लोकांनी बसून लिहिली आणि सगळ्यांसाठी उघडी ठेवली. ज्याला पाहिजे त्यानं न्यावी." ते मला फार आवडलं होतं. ज्यांची तोंडं आपण कधी बघणार नाही अशा माणसांनी आपल्यासाठी काहीतरी करून ठेवलंय, हे घरी जाऊन चित्रालाही सांगितलं मी.

मग पडद्यावर प्रश्न येऊ लागले आणि तू एकेक उत्तर देत गेलास. ॲडमिनचा पासवर्ड मागितला तेव्हा तू थांबलास. म्हणालास, "भाऊ, हा ज्याच्याकडे, त्याच्याकडे सगळं. नोंदी बदलायची ताकद याच्यात आहे. हा एकट्याकडे नको." मापं पडताळायच्या मास्टर गेजच्या कपाटाला आपल्याकडे दोन कुलपं आहेत, एक किल्ली माझ्याकडे, एक तुझ्याकडे. एकट्यानं कपाट उघडायचं नाही. तसंच याचं करू, अर्धा तुझा, अर्धा माझा. पहिला अर्धा तू टाकलास, मी तोंड भिंतीकडे केलं. दुसरा मी टाकला, तू खिडकीतून कॉम्प्रेसरकडे बघत उभा राहिलास. दोनदा टाकायला लागला, दोन्ही वेळा तसंच केलं.

सगळं झाल्यावर रोजच्या कामाच्या खात्यातून तू काहीतरी बसवायला गेलास, तर मशीननं इंग्रजीत खडसावलं. तू मला अर्थ सांगितलास: हे खातं परवानगीच्या यादीत नाही, झाल्या प्रकाराची माहिती कळवली जाईल. मी घाबरून विचारलं, "कुणाला कळवणार रे?" तू बोट वर केलंस, छताकडे. दोघंही किती हसलो होतो. मग तू समजावलंस की ॲडमिनचा पासवर्ड वेगळा दिला की रोजच्या खात्याला काही अधिकार मिळत नाहीत, आपल्याला तेच हवं होतं. ॲडमिन व्हायला काय काय टाकायचं ते तू सांगत गेलास आणि मी माझ्या वहीत देवनागरीत उतरवून घेतलं. तू म्हणालास, "वही चांगली आहे भाऊ. माझ्या अर्ध्याशिवाय काही उपयोगाची नाही."

इकडची बातमी अशी. तुझ्या जागी मेंटेनन्सला जो आलाय त्याला भट्टीचा अंदाज येत नाही. विक्की लेथवरून ओरडतो, "अरे जहीरभाईला बोलवा, नाहीतर बंबवाल्यांना तरी बोलवा!" मग एकदम गप्प होतो, कारण तुझं नाव घ्यायचं नाही असं ठरलेलं आहे. कुणी ठरवलं ते कुणालाच माहीत नाही. मला अजून महाराज म्हणतात. गळ्यात माळ, एकादशीला देहू, म्हणून महाराज.

दिवाळीला तू आला नाहीस. चित्रानं तुमच्यासाठी चकल्यांचा डबा भरून ठेवला होता.

तुझे नऊ फोन आले. मी एकही उचलला नाही. आणि तो मेसेज: "भाऊ तुमचा अर्धा चुकून कुणाला कळला का आठवून बघा. माझा तर मी सलिमाला पण सांगितलेला नाही." तो मी रोज वाचतो. उत्तर द्यायला बसतो आणि फोन उलटा करून ठेवतो.

आठ सप्टेंबरचा सोमवार तुला आठवतोय ना. पेडलच्या पिनांचा तो लॉट परत आला होता. मोठ्या कंपनीच्या तपासणीतच पिना वाकल्या, गाडीत एकही बसली नाही, देवाची कृपा. श्यामशेठनी आपल्या दोघांना केबिनमध्ये बोलावून दार लावलं. कडकपणा चाळीसच्या वर पाहिजे होता, आणि माझ्या नोंदीत स्वच्छ तेहतीस आणि चौतीस लिहिलेलं होतं. मी तेव्हाच सांगितलं होतं की माल सोडू नका. शेठनी सोडला होता, कारण मोठ्या कंपनीची लाइन पिनांवाचून थांबली होती. आता ते म्हणाले, "दोन आकडे आहेत फक्त. तेहतीसचे बेचाळीस करा, चौतीसचे एक्केचाळीस. म्हणजे माल इथून चांगला गेला, पुढचं त्यांचं ते बघतील. अठ्ठावीस घरं चालतात या शेडवर."

तू म्हणालास, "शेठ, माझा अर्धा मी देणार नाही."

"तुला कुणी विचारलं देतोस का म्हणून? मी सांगतोय."

"सांगा ना शेठ. कॉम्प्रेसर खोलायला सांगा, आत्ता खोलतो. हे नाही."

शेठनी माझ्याकडे बघितलं. तूही बघितलंस. मी काय बोललो ते तुला आठवत असेल. काहीच बोललो नाही.

आणि मग चोवीस तारखेला मोठ्या कंपनीच्या निवेदिता मॅडम ऑडिटला आल्या, तेव्हा आकडे बदललेले निघाले. बेचाळीस आणि एक्केचाळीस. मशीन स्वतःची डायरी लिहीत असते हे मला माहीत नव्हतं. त्या डायरीत होतं की नऊ सप्टेंबरला सकाळी सहा वाजून सात मिनिटांनी कुणीतरी ॲडमिन होऊन त्या नोंदी उघडल्या. त्या वेळी पहिल्या पाळीला शॉपमध्ये कोण कोण होतं, तेही गेटच्या वहीत होतं. तू होतास.

मीही होतो.

मॅडमनी विचारलं, पासवर्ड कुणाकडे? शेठनी सांगितलं, दोघांत अर्धा अर्धा, पण सोपानरावांना यातलं काही कळत नाही हो, साधा मेल पाठवायला त्यांना जहीर लागतो. केबिनमधले सगळे हसले. मॅडमही थोड्या हसल्या. मग शेठ म्हणाले की भट्टी जहीरच्या ताब्यात, पिना मऊ निघाल्या त्या भट्टीमुळे, आपली चूक झाकायला त्यानंच हे केलं असणार. भोळ्या माणसाचा अर्धा काढून घ्यायला कितीसा वेळ लागतो. तू सगळ्यांपुढे मला विचारलंस, "भाऊ, मी तुम्हाला कधी तुमचा अर्धा विचारला का? सांगा यांना."

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

जहीर, तू सव्वीस तारखेला तुझ्या हत्यारांची पेटी घेऊन गेलास तेव्हा मी खिडकीतून

चित्रा हाक मारतेय. थांबतो.


रविवार, ९ नोव्हेंबर

गुरुवारचं लिहिलेलं पुन्हा वाचलं. पाच पानं झाली आणि एक वाक्य त्यात नाही. ते आता लिहितो.

आकडे मी बदलले.

तुझा अर्धा मला जुलैपासून माहीत होता. तू की-बोर्डवर एका बोटानं टाइप करतोस आणि प्रत्येक अक्षर ओठांत म्हणतोस. "बडा" म्हणतोस, "छोटा" म्हणतोस, मग अक्षर, मग आकडा. आपण एवढी वर्षं एकत्र काम केलं, पण तुला कुणी हे सांगितलंच नाही, कारण त्याची आम्हाला सवय झाली होती. त्या सकाळी मी तोंड भिंतीकडे केलं होतं, कान नाही. दोनदा ऐकलं. तुझा अर्धा काय होता ते इथे लिहीत नाही, ती तुझ्या घरातली गोष्ट आहे. ऐकला त्याच वेळी मी तुला सांगायला हवं होतं, जहीर, दुसरा टाक, हा मला कळला. मनात आलंही. पण वाटलं, आपण काय त्याचा वाईट उपयोग करणार आहोत? माळकरी माणूस आपण. ही माझी पहिली चूक, आणि सगळ्यांत मोठी बहुतेक हीच. स्वतःवर इतका विश्वास मला कुणी ठेवायला सांगितला होता?

आठ सप्टेंबरच्या त्या सोमवारी संध्याकाळी शेठ आमच्या घरी आले. चहा घेतला, खाली चटईवर बसले. आकड्यांचं काही बोलले नाहीत. जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "सोपानराव, पन्नाशीला आलात. दुसरीकडे आता कोण घेतं हो दहावी पासला." एवढंच. मी रात्रभर मनाला सांगत राहिलो की अठ्ठावीस घरांचा प्रश्न आहे. ते खोटं आहे. अठ्ठावीस घरं मला सकाळपर्यंत आठवली नाहीत. मला फक्त माझं दार दिसत होतं आणि त्यात वाकलेले शेठ.

मंगळवारी पावणेसहाला मी आत आलो. तू कॉम्प्रेसरमध्ये तेल भरत होतास, पाठ माझ्याकडे. तपासणीच्या खोलीच्या काचेतून तुझा निळा शर्ट दिसत होता. मी वही उघडली. घाईत एक ओळ गाळली आणि रोजच्या खात्याचाच पासवर्ड दिला. मशीननं पुन्हा तेच खडसावलं: परवानगीच्या यादीत नाही, कळवलं जाईल. या वेळी मला हसू आलं नाही. खरंच कुणाला कळलं असेल का, आत्ता, या क्षणी? मी उठून दारापर्यंत गेलो. तू मान वळवून म्हणालास, "आज लवकर, महाराज?" मी म्हणालो, "हो, जरा गेज बघायचेत." आणि परत येऊन बसलो. जहीर, तेव्हा तू चहाला बोलावलं असतंस तर मी आलो असतो. मी थोडा वेळ वाटही बघितली, हे खरं सांगतो.

मग वहीतली ओळ नीट टाकली. पासवर्ड मागितला. तुझा अर्धा टाकला, बडा, छोटा, जसा ऐकला तसा. पुढे माझा. माझ्या अर्ध्यात पांडुरंगाचं नाव होतं. जुलैत मोठ्या भक्तीनं ठेवलं होतं. ज्या नावानं मी सकाळी डोळे उघडतो, त्याच नावानं मी ते खोटं उघडलं. आत गेलो. दोन आकडे. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

त्यानंतर मी देहूला दोनदा गेलो. इंद्रायणीत पाय बुडवले आणि तसाच परत फिरलो, देवळात गेलो नाही. घरी मात्र देव्हाऱ्यापुढून उठत नाही. चित्रा मावळातली, तिचं बोलणं तुला ठाऊक आहे. परवा म्हणाली, "पयलं धा मिंटात पूजा उरकायची तुमची. आता तास तास काय सांगता देवाला? त्याला काय ठावं न्हाई व्हय?"

गेल्या सोमवारी मी तुला बघितलं. चाकण रस्त्यावरच्या त्या स्प्रिंगच्या कारखान्याच्या गेटवर. तू काम मागायला आला होतास, पेटी खाली ठेवून उभा होतास. वॉचमननं आत फोन लावला, ऐकलं, आणि तुझी पेटी स्वतः उचलून तुझ्या हातात दिली. त्यानं तुला शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्यानं ती हळूच दिली. मी समोर टपरीवर चहा घेत होतो. तू मला बघितलंस. मला वाटलं, आता हा रस्ता ओलांडून येणार आणि माझी गचांडी धरणार. तू हात वर केलास आणि हसलास. नेहमीसारखा. मग गाडीला किक मारून चिखलीच्या बाजूला गेलास.

त्या हात वर करण्यामुळे मी हे पत्र लिहायला बसलो. तू माझ्यावर चिडला असतास तर कदाचित बसलो नसतो.

हे इथपर्यंत लिहिलं आणि चित्राला वाचून दाखवलं. सगळं. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मंग हे कागद कुणाला धाडनार?"

म्हटलं, जहीरला.

"त्यांना कशाला? त्यांनी केलं न्हाई हे त्यांना ठावं हाय की. ज्यांना ठावं न्हाई त्यांना तुमी काय धाडताय?"

मी म्हणालो, त्याला सगळं कळलं तर त्याच्या जिवाला बरं वाटेल.

"त्यांच्या न्हाई. तुमच्या." आणि भाजीची पाटी उचलून आत गेली.

म्हणून पत्र टाकलेलं नाही. उद्या निवेदिता मॅडम तक्रार बंद करायला येणार आहेत. तो कॉम्प्युटर त्यांनी त्या दिवशी कागदाची पट्टी लावून, सही करून कपाटात ठेवायला लावला होता. उद्या तो उघडणार, कागदोपत्री जहीर हे नाव कायमचं लिहिलं जाणार आणि विषय संपणार. ते झाल्यावर मी काहीही सांगितलं तरी कुणी फाइल परत काढणार नाही.

हे लिहिताना देवाला काही मागावंसं वाटलं, पण काय मागू ते सुचलं नाही.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

जहीर, काल काय झालं ते क्रमानं लिहितो.

अकरा वाजता सगळे केबिनमध्ये होते. श्यामशेठ, निवेदिता मॅडम, त्यांचा एक माणूस, मी. मॅडमनी कागद पुढे केला, त्यावर मी साक्षीदार म्हणून सही करायची होती. मी पेन घेतलं आणि खाली ठेवलं. म्हणालो, "मॅडम, ती नोंद जहीरनं बदललेली नाही. मी बदलली."

मला वाटलं होतं, पुढे आरडाओरडा होईल. काय होईल याची सगळी तयारी मी केली होती, पण जे झालं त्याची केली नव्हती. कुणी विश्वासच ठेवला नाही.

शेठ हसले. "मॅडम, आमचे महाराज आहेत हे. दोस्ताची नोकरी गेली म्हणून स्वतःच्या अंगावर घेतायत. सोपानराव, घरी जा, दोन दिवस आराम करा."

मॅडमनी शांतपणे विचारलं, "सोपानराव, तुमच्याकडे अर्धाच पासवर्ड होता ना?"

"पूर्ण होता."

"जहीरनी दिला?"

"नाही. मी ऐकला. त्याला अजून माहीत नाही."

त्यांनी त्यांच्या माणसाकडे बघितलं. तो म्हणाला, "मॅडम, ॲडमिन होऊन फाइल बदलायची म्हणजे कमांड याव्या लागतात. यांना येतील?" मी वही काढून टेबलावर ठेवली. त्यानं पान बघितलं, देवनागरीत लिहिलेली इंग्रजी अक्षरं बघितली, आणि त्याला हसू आवरेना. शेठ म्हणाले, "बघा! म्हणजे जहीरनंच लिहून दिलंय." खरं बोलणं इतकं अवघड जाईल असं मला वाटलं नव्हतं. मी जितकं बोलत होतो तितका तू अडकत होतास.

मी म्हणालो, "कॉम्प्युटर काढा. तुमच्यापुढे उघडतो."

शेठ उठले. "काही गरज नाही. तो दीड महिना बंद पडून आहे, खराब होईल."

"होऊ द्या," मॅडम म्हणाल्या. "काढा."

पट्टी फाडली. कॉम्प्युटर टेबलावर आला. कडेला कुंकवाचा डाग अजून होता. मी बसलो. तिघांच्या नजरा माझ्या बोटांवर. वहीतली ओळ टाकली. पासवर्ड मागितला. तुझा अर्धा, माझा अर्धा, एंटर.

चुकला.

शेठनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. "झालं समाधान, महाराज?"

मी पुन्हा टाकला. पुन्हा चुकला. दोन महिने मी तो पासवर्ड विसरायचा इतका प्रयत्न केला होता की आता तो खरंच मोडला होता. कुठलं अक्षर मोठं, कुठलं लहान, सगळं एकमेकांत गेलं. मॅडमनी घड्याळ बघितलं. त्यांचा माणूस म्हणाला, "सर, राहू द्या." मला कधी कुणी सर म्हटलं नव्हतं.

मी डोळे मिटले. लोकांना वाटलं असेल नामस्मरण करतोय. मी तुझा आवाज आठवत होतो, जहीर. ते दोन वेळा पुटपुटलेलं. बडा. मग छोटा, छोटा. मग जरासा थांबायचास, कळ शोधायला. मग परत बडा. माझ्या ओठांतून ते बाहेर पडत होतं आणि बोट त्याच्या मागे जात होतं. एंटर दाबलं तेव्हा डोळे मिटलेलेच होते.

मी डोळे उघडले. त्या माणसानं पडद्याकडे वाकून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ॲडमिन झाले."

मी नोंद उघडून दाखवली, काही बदललं नाही. मॅडमनी खुर्ची पुढे ओढली आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "मराठीतच लिहा. जसं झालं तसं." मी लिहिलं. पासवर्ड कसा कळला, किती वाजता बदललं, का बदललं. आठ तारखेला शेठ आपल्या दोघांना काय म्हणाले आणि तू काय उत्तर दिलंस, तेही लिहिलं. शेठ म्हणाले, "मी असं काही बोललो नव्हतो." मी भांडलो नाही. माझ्या हातांनी केलेलं मी लिहिलं, त्यांच्या तोंडचं मी ऐकलं तेवढं लिहिलं. त्याखाली सही केली. मॅडमनी तारीख घालून शिक्का मारला. कागदावर तुझ्या नावापुढे त्यांनी लिहिलंय: संबंध नाही.

बाहेर आलो तर मशीन बंद होत्या. सगळ्यांना कळलं होतं. ऑर्डर जाईल की राहील, मॅडम काही बोलल्या नाहीत. विक्की माझ्या अंगावर आला. "महाराज, दोन महिने? दोन महिने आमच्यात बसून डबा खाल्लात?" त्याच्या पोटाची काळजीही त्यात होती आणि तुझ्यावरचं प्रेमही, मला दोन्ही ऐकू आलं. मी मास्टर गेजच्या कपाटाची किल्ली शेठच्या टेबलावर ठेवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नोकरी त्यांनी काढली की मी सोडली, हे आमच्यापैकी कुणी बोललं नाही.

घरी आलो. चित्रानं ताट वाढलं. जेवताना मला कळलं की अजून काम झालेलं नाही. फाइलमधला शिक्का मोठ्या कंपनीच्या कपाटात राहणार. आणि तुझं नाव फिरलं होतं ते तोंडातोंडी, टपरीवरून, वॉचमनच्या फोनवरून. ते कागदानं आपोआप परत येत नाही.

म्हणून आज सकाळी मी त्या जबाबाच्या चार झेरॉक्स काढल्या आणि तुला जिथून जिथून परत पाठवलं असं कानावर आलं होतं, तिथे तिथे गेलो. कुरुळीतले दोन कारखाने, चिंबळी फाट्यावरचा एक. पहिल्या ठिकाणी आत घेतलं नाही, तेव्हा गेटवरच उभं राहून वॉचमनला मोठ्यानं वाचून दाखवलं, येणारेजाणारे थांबले. दुसऱ्या ठिकाणी मॅनेजर म्हणाला, "तुम्हाला लाज नाही वाटत?" म्हटलं, वाटते, कागद ठेवून घ्या. तिसऱ्यानं तुझा नंबर लिहून घेतला. घेईल असं नाही, पण लिहून घेतला.

शेवटी स्प्रिंगच्या कारखान्यावर गेलो. तोच वॉचमन. त्यानं विचारलं, "काय काम?"

मी म्हणालो, "गेल्या आठवड्यात सोमवारी तुम्ही ज्या माणसाची पेटी परत दिलीत, तो निर्दोष आहे. ते सांगायला आलोय. दोष ज्याचा आहे तो मीच." आणि चौथी प्रत त्याच्या हातात दिली. त्यानं आत फोन लावला.

तू मला माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. फोन करायलाच पाहिजे असंही नाही. मूळ जबाबाची मॅडमनी दिलेली प्रत या पत्रासोबत ठेवतोय, ती जपून ठेव, कुणी काही म्हणालं तर दाखव. हे पाकीट आत्ता चिखलीला तुझ्या दारात सलिमावहिनींच्या हातात देऊन येतोय.

नऊ सप्टेंबरला सकाळी सहा वाजून सात मिनिटांनी ते दोन आकडे बदलणारा,
सोपान